लोक तिला मत देणार नाहीत

पहिला कोपरा: अंगण

जानेवारीत आयोवाची जमीन म्हणजे फरशी असते. तिच्यात पाटी रोवायची असेल तर ऑक्टोबरात रोवावी, नाहीतर मुळात मतंच बाळगू नयेत. मी दोन्हीकडे चुकलो.

प्रकरण खरं म्हणजे एका पाटीचं होतं. गुडघ्याएवढी निळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात रोझलिन टॅकेट. राष्ट्राध्यक्षपदासाठी आमच्या पक्षाने टॅकेटबाईंना उभं करावं, असं मला वाटत होतं. मी व्हर्लिन टॉस्ट्रड, नॉर्डाल गावात गालिच्यांचं दुकान चालवतो. मला काय वाटतं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगत सुटलो नव्हतो. लोक आपल्या मतांवर नाही, आपल्या गालिच्यांवर पाय ठेवून चालतात. धंद्याला तेच बरं.

पण मागच्या वर्षी नॉर्डालच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. माझी मुलगी कॉरीन मार्चमध्ये बाळंत होणार. आता सर्वांत जवळचा विभाग जिल्ह्याच्या पलीकडे, आणि हिमवादळ आलं की मधला रस्ता बंद करतात. एवढ्या उमेदवारांत ह्या विषयावर बोलल्या त्या फक्त टॅकेटबाई. मूळच्या गुरांच्या डॉक्टर. रेडिओवर म्हणाल्या, "आमच्याकडे गाय अडली तर मी कॉफी टाकून धावत असे. बाई अडली तर कोण धावणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही." मी दुकानात एकटाच होतो. तरी टाळी वाजवली.

दुसरा उमेदवार सिनेटर ग्रेडन होल्ट. उंच. केस उत्तम. त्याचं म्हणणं काय, हे त्याच्या भाषणानंतरही कुणाला सांगता येत नसे, पण तो जिंकेल ह्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

तर पाटी. जमिनीत दांडा जाईना म्हणून दुकानातलं ड्रिल आणलं. पहिलं भोक वाकडं पडलं. दुसऱ्या भोकात काहीतरी मऊ लागलं आणि शेजारच्या ड्वेन रिंगस्टॅडच्या घरातला फुटबॉलचा सामना एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने ड्वेन बाहेर आला.

"व्हर्लिन, टीव्ही गेला. काही घाई नाही," तो म्हणाला.

नॉर्डालमध्ये ही शिवी असते. मी माफी मागितली. तो पाटीकडे बघत राहिला.

"बाई चांगली आहे. मला आवडते," तो म्हणाला.

"मग ये की आमच्या बाजूला."

"मी आलो असतो रे. पण लोक तिला मत देणार नाहीत."

"कोण लोक?"

ड्वेनने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. नुसतं वाऱ्याने पसरलेलं बर्फ आणि दिव्याचा खांब.

"लोक," तो म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीचं तोंड आमच्या घराकडे होतं. ताज्या बर्फावर पावलाची एक खूण नाही. मी ती रस्त्याकडे वळवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा घराकडे. थेट बैठकीच्या खिडकीकडे, माझ्या खुर्चीकडे.

"वारा असेल," माझी बायको मार्लिस म्हणाली.

"गोठलेल्या भोकात दांडा फिरतो का?"

"मग राहू दे तशीच. बाहेर तरी कोण वाचतंय?"

(इथे वाऱ्याबद्दल एक लांब परिच्छेद होता. मार्लिसने वाचला आणि म्हणाली, तुला भीती वाटली तेवढं लिही. भीती वाटली.)

दुसरा कोपरा: दारं

पाटीपुरतं थांबलो असतो तर निभावलं असतं. पण टॅकेटबाईंच्या प्रचार कचेरीतून फोन आला. आमच्या प्रभागाची त्यांची प्रमुख थंडीला कंटाळून ॲरिझोनाला निघून गेली होती.

"तुमच्या अंगणात पाटी आहे असं कळलं," फोनवरची बाई म्हणाली. "म्हणजे आता प्रमुख तुम्हीच."

"मी फक्त पाटी लावली."

"सगळे पाटीपासूनच सुरुवात करतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात सहानुभूती होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पक्षाचा उमेदवार निवडायला आमच्याकडे चिठ्ठी टाकत नाहीत. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळे जमतात आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. सर्वांदेखत. ज्याच्याकडून घर शाकारून घ्यायचं आहे तो समोरच्या कोपऱ्यात, जिने गालिच्याचा अर्धा हप्ता दिलाय ती शेजारच्या. मग एकमेकांना आपल्या कोपऱ्यात ओढायचं. नॉर्डालचा माणूस लग्नाची मागणीसुद्धा गाडी चालवताना घालतो, म्हणजे समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. त्याला हे असं भर दिव्यात उभं करतात.

आता प्रमुखाने दारोदार जाऊन माणसं जमवायची. मी गेलो. प्रत्येक दारात तीच कॉफी, त्याच पीनट बटरच्या वड्या. आणि ताटात शेवटची एक वडी. आमच्यात शेवटची वडी कुणी घेत नाही. तिची अर्धी करतात, अर्धीची पाव करतात, शेवटी सुरीलाही लाज वाटेल असा तुकडा उरतो आणि तो झाकून ठेवतात. कुणासाठी, असं विचारलं तर सांगतात, असू दे, कुणाला हवी असेल.

हा 'कुणी' म्हणजे कोण, ते मी आजवर विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात विचारायला लागलो.

ऑर्लन म्हणाला, "मी तर केव्हाच तिचा. पण लोक देणार नाहीत."

"कोण, ऑर्लन? नाव सांग. मी जाऊन त्याला समजावतो."

ऑर्लन बत्तीस वर्षं गावाचे केस कापत होता. प्रत्येकाच्या डोक्यात काय आहे हे त्याला वरून तरी माहीत. त्याने विचार केला. "पलीकडच्या घरी विचार. ते जुन्या वळणाचे आहेत."

पलीकडच्या घरचे म्हणाले, आम्हाला बाई फार पसंत. पण कोपऱ्यावरचे बघ, ते नाही देणार. कोपऱ्यावरच्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं, आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करतो, पण त्या समोरच्या रांगेतला तो माणूस आहे ना.

"कोण?"

"नाव नाही सांगता यायचं. पण आहे."

समोरच्या रांगेतही गेलो. ज्या दारात जाईन तिथे बाई आवडत होती आणि न आवडणारा माणूस पुढच्या दारात राहत होता. बर्फातून एक एक घर ओलांडत मी त्या माणसामागे चाललो होतो आणि तो दर वेळी माझ्यापुढे एक घर होता. एकदोनदा तर दार उघडायच्या आधी आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत पाहिलं तर माणसं मोजकी, कॉफीचे पेले मात्र एक जास्त.

शेवटचं घर लव्हॉनबाईंचं. वय ब्याण्णव, नजर शाबूत. त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. ताटात एक वडी.

"घे," त्या म्हणाल्या.

"नको, असू दे. कुणाला हवी असेल."

"मला टॅकेट आवडते," त्या म्हणाल्या. "पण एक माणूस आहे. तो तिला कधीच देणार नाही. त्याच्यामुळे सगळं अडलंय बघ."

"लव्हॉनबाई, मी आठवडाभर त्यालाच शोधतोय. कुठे राहतो?"

त्यांनी पडदा बाजूला केला आणि बोटाने दाखवलं. "ते हिरव्या खिडक्यांचं घर. दिवा लागलाय ते."

ते माझं घर होतं.

"बाई, तिथे मी राहतो."

"तू होय?" लव्हॉनबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही, तू नाही. दुसरा आहे. संध्याकाळचा खिडकीत बसतो."

मधली मोकळी जागा

मी रस्ता ओलांडून अंगणाशी आलो. पाटी घराकडे वळलेली होती. बैठकीत दिवा होता. माझ्या खुर्चीत एक माणूस बसला होता. त्याची टोपी माझ्यासारखी. तो पाटीकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडेही बघत होता, पण मी पाटीच्या मागचं झुडूप असावं तसा.

भित्रा आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी पुढच्या दाराने गेलो नाही. मागे वळसा घालून स्वयंपाकघरातून आत शिरलो. मार्लिस सूप ढवळत होती.

"तू बाहेर कधी गेलास?" तिने विचारलं.

"दुपारी गेलो होतो. आत्ताच येतोय."

ती ढवळायची थांबली. "मी आत्ता तुला विचारलं, सूप घेणार का. काही बोलला नाहीस. म्हटलं पाटीच्या काळजीत आहेस. नुसता बाहेर बघत होतास. ओठ हलत होते, वाचल्यासारखे."

आम्ही दोघं बैठकीत गेलो. खुर्ची रिकामी होती. मार्लिसने हात लावून पाहिला.

"गार आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "फार गार आहे."

आम्ही सूप प्यालो. एखाद्याने पोलिसांना बोलावलं असतं, पण पोलिसांना काय सांगायचं? घरात एक मतदार आहे म्हणून?

तिसरा कोपरा: कॉरीन

सभेच्या आदल्या रविवारी कॉरीन आली. पोटावर कोटाची बटणं लागत नव्हती. मी तिला मोठ्या उत्साहाने कोपऱ्याची तयारी सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मी होल्टकडे उभी राहणार आहे."

मी म्हणालो, "हे कुणासाठी चाललंय माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच." तिने पोटावर हात ठेवला. "बाई बरोबर बोलते. पण बरोबर बोलून हरली तर पलीकडच्या पक्षाचा माणूस येतो आणि उरलेला दवाखानाही जातो. मला बरोबर बोलणारी नकोय. जिंकणारा हवाय."

"होल्टने दवाखान्याचं नाव तरी घेतलंय का?"

"नाही घेतलं."

"मग जिंकून तो काय करणार?"

"ते नंतर बघू. हरल्यावर काय बघणार?"

 प्रचार कचेरीने पाठवलेल्या कागदावर ह्याची उत्तरं होती, पण ती दुसऱ्यांच्या मुलींसाठी होती.

"तुला स्वतःला कोण आवडतं?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला विचारू नका ना बाबा. मी आवडीवर गेले तर रडू येतं." जाताना ती पाटी रस्त्याकडे वळवायला गेली. तिच्या हाताला ती फिरली नाही, मला हात लावावा लागला. सकाळी ती पुन्हा घराकडे होती.

चौथा कोपरा: तळघर

तळघरात कॉफीचं पिंप, घड्या घालायच्या खुर्च्या आणि ओल्या लोकरीचा वास. दारापाशी कोटांची रांग. टेबलावर मार्लिसच्या वड्या. अध्यक्ष बर्नडीन क्वॅली, नियमांचं पुस्तक छातीशी धरून. ह्या बाईने नवऱ्याला होकार दिला तोही परिशिष्ट वाचून, असं गावात म्हणतात.

"हजेरीत शहाऐंशी नावं आहेत," ती म्हणाली. "आता डोकी मोजते."

तिने पेन्सिलीने डोकी मोजली. सत्त्याऐंशी भरली.

ड्वेन होल्टच्या कोपऱ्याचा प्रमुख होता. त्याने मोजली. सत्त्याऐंशी. मग बर्नडीनने एकेक नाव पुकारलं आणि ज्याचं नाव त्याने हात वर केला. नावं शहाऐंशी. पुन्हा डोकी. सत्त्याऐंशी.

"सही न करता कुणी आलं आहे का?" बर्नडीनने विचारलं.

 आता सोपं होतं, प्रत्येकाने आजूबाजूला नीट पाहायचं आणि अनोळखी चेहरा शोधायचा. पण नॉर्डालमध्ये लोकांकडे टक लावून बघणं वाईट दिसतं. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"नियम डोक्यांचा आहे," बर्नडीन म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. "कोपरा टिकायला शंभरात पंधरा माणसं लागतात. अपूर्णांक आला तर वरचा आकडा. शहाऐंशींना तेरा पुरले असते. सत्त्याऐंशींना चौदा लागतील. जा, आपापल्या कोपऱ्यात उभे राहा."

बाकीचे उमेदवार आमच्या गावापर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून कोपरे दोनच. खुर्च्या करकरल्या. ज्यांना बाई फार पसंत होती ते सगळे खाली मान घालून होल्टकडे गेले. लव्हॉनबाई गेल्या. ज्यांनी प्रार्थना केली होती ते गेले. कॉरीन गेली. आमच्याकडे मी, मार्लिस ("गाडीची किल्ली तुझ्याकडे आहे म्हणून," असं तिने सर्वांना सांगितलं), ऑर्लन, आणि इतर काही. ऑर्लन का आला हे मी विचारलं नाही. तो कोटांच्या रांगेला टेकून, आम्हाला टाळत असल्यासारखा उभा राहिला.

आम्ही तेरा. होल्टकडे त्र्याहत्तर. मी मनात बेरीज केली आणि पाठीला गार वारा लागला. शहाऐंशी. सत्त्याऐंशीवा कुठल्याच कोपऱ्यात नव्हता. मधे नुसती मोकळी फरशी होती.

म्हणजे जो कुणाचाच नव्हता त्याने येऊन फक्त आमची अट वाढवली होती.

"एक कमी," बर्नडीन म्हणाली. "अर्धा तास समजावणीचा. नाही जमलं तर टॅकेटचा कोपरा मोडला, तिकडच्यांनी होल्टकडे यायचं."

ड्वेन माझ्याकडे आला. "व्हर्लिन, मान राखून ये. पुढच्या बैठकीला तुलाच प्रतिनिधी करू. तू तोडलेल्या टीव्हीच्या केबलचं मी विसरलो."

"ड्वेन, तुला होल्ट आवडतो का?"

"हा प्रश्न नाही."

मी होल्टच्या कोपऱ्यासमोर उभा राहिलो. गालिच्याचा नमुना दाखवायला उभा राहतो तसा, आणि तितकाच घामेजलेला. "तुमच्यात होल्ट कुणाला आवडतो?" मी विचारलं. "हात वर करा."

त्र्याहत्तर माणसं. एकही हात वर गेला नाही. सगळ्यांनी हळूच दाराकडे पाहिलं, कुणीतरी ऐकत असल्यासारखं.

"मग उभे कुणासाठी आहात?"

"लोकांसाठी," मागून कुणीतरी म्हणालं.

कॉरीन भिंतीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रविवारचीच विनवणी होती. मला तेव्हा मनापासून वाटलं की जावं. नाहीतरी कोपरा मोडणारच. पोरगी समोर, तिच्याजवळ उभं राहायला पाच पावलंही नकोत. आणि ती म्हणाली त्यात चूक काय होतं? मी एक पाऊल उचललंसुद्धा. ते ठेवायचं कुठे हेच कळेना. मग वाटलं, आज मी त्या माणसासाठी तिकडे गेलो, तर आयुष्यभर घरी त्याच्याच खुर्चीत बसेन.

पाऊल मागे घेतलं. कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. एवढंच. ह्याला कुणी शौर्य म्हणू नये.

"वेळ संपली," बर्नडीन म्हणाली. "टॅकेटचा कोपरा, मोठ्याने मोजा."

"एक," मी म्हणालो. मार्लिसने दोन म्हटलं. आवाज रांगेने मागे सरकत गेला. शेवटी कोटांपाशी ऑर्लन.

"तेरा," ऑर्लन म्हणाला.

होल्टच्या कोपऱ्यातल्या कुणीतरी कोट उचलला.

आणि माझ्या मागून, अगदी जवळून, बराच काळ न बोललेल्या माणसाच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "चौदा."

कुणी मागे वळलं नाही. वळून बघणं वाईट दिसतं. मी समोर बघत राहिलो, मार्लिसने माझा हात धरला, ऑर्लनचे ओठ पांढरे पडले होते. बर्नडीनने आमच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि लिहिलं.

"चौदा," ती म्हणाली. "कोपरा टिकला."

कुठलाच कोपरा नाही

आम्हाला एक प्रतिनिधी मिळाला. जिल्हा अर्थातच होल्टला गेला. पुढे काय होईल ते होवो, पण जिल्ह्याच्या बैठकीत नॉर्डालचा एक माणूस उभा राहून दवाखान्याचं नाव घेणार, आणि ते नाव त्यांना लिहून घ्यावं लागणार. तो माणूस मी. कोट नवा शिवावा लागेल, असं मार्लिसचं म्हणणं आहे.

सगळे गेल्यावर खुर्च्यांच्या घड्या घालायला आम्ही थांबलो. मी उभा होतो तिथे, माझ्या मागे, फरशीवर दोन ओल्या बुटांचे ठसे होते. तिथपर्यंत येणारे नाहीत, तिथून जाणारे नाहीत. मी माझा बूट शेजारी ठेवून पाहिला. नसता पाहिला तर बरं झालं असतं.

"व्हर्लिन," मार्लिसने टेबलापासून हाक मारली. तिच्या हातात ताट होतं. लोक बाहेर पडले तेव्हा त्यात शेवटची एक वडी होती, अख्खी, कारण त्या गडबडीत कापायचंही कुणाला सुचलं नव्हतं. आता ताट रिकामं होतं. कणसुद्धा बोटाने टिपून घेतलेले.

चाळीस वर्षांच्या संसारात तिचं ताट रिकामं परत आलं नव्हतं. ती ते उलटंसुलटं करून बघत राहिली.

"कुणी खाल्ली असेल?" मी विचारलं.

"ज्याला हवी होती त्याने," ती म्हणाली.

कॉरीन बाहेर गाडीपाशी थांबली होती. तोंडातून वाफ निघत होती.

"बाबा, मी येत होते," ती म्हणाली. "तुम्ही पाऊल मागे घेतलंत ना, तेव्हा मी निघाले होते. अर्ध्यात आले. पण तुमच्या मागची जागा भरलेली दिसली. म्हटलं, झाले चौदा."

"कोण होतं?"

"पाठ दिसली फक्त. टोपी होती." तिने मागे तळघराच्या दाराकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हीच आहात. मग पुढे बघितलं तर तुम्ही पुढे होता."

मी तिला गाडीत बसवलं. रस्ता गोठलेला होता, मी फार सावकाश चालवली.  मागच्या सीटवर कॉरीन एकटीच होती, तरी ती एका बाजूला सरकून बसली होती.

सकाळी उठून आधी खिडकीपाशी गेलो. रात्रभर बर्फ पडलं होतं आणि अंगणात पावलाची खूण नव्हती. पाटी रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

वाचून झाली असावी.